ताण्यावरचं इस्तंबूल

गलाट्याच्या पुलावर पाय ठेवण्याआधी काकाजी दगडावर ज्वारीचा एक दाणा ठेवत. तो पुलाचा टोल. पूल इस्तंबूलमध्ये होता आणि दगड नागपुरात, तांडापेठेतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी. दाणा ठेवला की हातातला कुंचा सावरून ते चालू लागत, आणि त्यांची पाठ वळताच एखादी चिमणी येऊन टोल वसूल करून जाई.

"तुर्काची चिमणी लय लठ्ठ झाली बाप्पा," काकू ओट्यावरून म्हणत.

पुलावर असताना काकाजी घरच्या माणसांशी बोलत नसत.

मी त्यांच्या घरात समोरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. मूळचा कळमेश्वरकडचा, इंटर नापास, कचेरीत कारकून. देश स्वतंत्र होऊन वर्षभर झालं असेल तेव्हा आलो आणि पुढची आठ वर्षं तिथंच काढली. काकाजींनी मला शेवटपर्यंत 'बाबू' म्हटलं. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला आजही खात्री नाही.

ते कोष्टी. घरात दोन माग होते. एकावर ते बसत, दुसऱ्यावर त्यांचा मेहुणा. लुगडं मागावर चढवण्याआधी उभ्या धाग्यांचा लांबच लांब ताणा गल्लीत बांधून त्याला खळ लावावी लागते. त्याला पांजणी म्हणतात. ऊन चढायच्या आत हे काम उरकायचं असतं, पण बहुधा उरकत नाही. ताण्याच्या एका बाजूनं एकानं, दुसऱ्या बाजूनं दुसऱ्यानं कुंचा फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, परत यायचं, पुन्हा जायचं. धागे सुटे राहून वाळेपर्यंत थांबता येत नाही. गल्लीतले सगळे कोष्टी असेच चालत. चालून चालून एखादा म्हातारा होई आणि तरी तो तांडापेठेबाहेर गेलेला नसे. काकाजींना हे खटकलं असावं. ते म्हणत, "एवढं चाललो गा बाबू, पण पोचलो कुठं?"

पोचायचं ठिकाण त्यांना एका पेटीत सापडलं. इंग्रज गेले तेव्हा सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांतल्या सामानाचे लिलाव झाले. काकाजी मागाचे धोटे ठेवायला एक लाकडी पेटी घेऊन आले. पेटीच्या तळाशी एक लाल कापडी बांधणीचं पुस्तक निघालं: कॉन्स्टँटिनोपल शहर पाहू इच्छिणाऱ्या प्रवाशांसाठी मार्गदर्शिका. मागच्या पुठ्ठ्यात घडीचा नकाशा. काकाजींना मराठी अक्षर लागे, इंग्रजी नाही. मी भाडेकरू म्हणून आलो त्या दिवशी त्यांनी खोली दाखवायच्या आधी पुस्तक दाखवलं.

"हे वाचता येते?"

"येतं."

"मंग राह्य."

तेव्हापासून रोज संध्याकाळी कचेरीतून आलो की अर्धा तास वाचन. मी ओट्यावर बसून इंग्रजी वाचायचं आणि मराठीत सांगायचं. काकाजी समोर उकिडवे बसत, नकाशा पुढ्यात पसरलेला, त्याच्या चार कोपऱ्यांवर चार धोटे.

पुस्तक जुनं होतं, पहिल्या महायुद्धाच्याही आधीचं. त्यात अजून सुलतान होता, पुलावर पांढऱ्या अंगरख्यातले टोलवाले होते आणि रस्त्यात हजारो कुत्री झोपलेली होती. सुलतान कधीच गेला आणि शहराला आता इस्तंबूल म्हणतात, हे त्यांना इतवारीतल्या सूतवाल्या मोमीन चाचांनी सांगितलं. "बरं झालं," काकाजी म्हणाले, "गर्दी कमी असन." टोल आणि कुत्री मात्र त्यांनी सोडली नाहीत. पुस्तकात लिहिलं होतं की झोपलेल्या कुत्र्याला उठवू नये, वळसा घालून जावं. तांडापेठेतल्या कुत्र्यांचे त्या काळात फार लाड झाले.

त्यांच्या सवयी सांगायच्या तर पुष्कळ आहेत. मशिदीत जोडा काढावा लागतो असं वाचल्यावर ते भिंतीला हात न लावता एका पायावर उभं राहून चप्पल काढायला शिकले. किंमत विचारायला 'काच पारा' म्हणतात एवढी तुर्की त्यांनी पाठ केली आणि बाजारात वापरून पाहिली. "काच नाई काकाजी, वांगे हायेत," भाजीवाली म्हणाली. घरी येऊन ते गंभीरपणे म्हणाले, "भाषेची पंचाईत होईन गा." सोबत सातूचं पीठ किती न्यायचं, तिखट पुडीत न्यायचं की डब्यात, यावर काकूंशी त्यांचे वाद होत. तेही भांडण म्हणून नव्हे, तर दोन जाणत्या माणसांची मसलत चालावी तसे.

"तीन दिसाच्या पाहण्याले सहा शेर सातू कायले?"

"जाण्या-येण्याचं काय वं? जहाजात तुही माय वाढन काय?"

सगळी सहल त्यांनी एका दोरीवर मांडली होती. पांढऱ्या सुताची, चांगली चार वाव लांब. नकाशावर धागा ठेवून अंतर मोजायचं, नकाशाखालच्या मैलाच्या पट्टीला लावायचं, आणि मग त्याचा हिशेब ताण्याच्या खेपांत करायचा. स्टेशनापासून अया सोफिया मशिदीपर्यंत तेहतीस खेपा. गलाट्याचा पूल अठरा खेपा. प्रत्येक ठिकाणाला दोरीवर रंगीत धाग्याची एक गाठ. पहिला दिवस तांबडा, दुसरा निळा, तिसरा पिवळा. सकाळी पांजणी करताना दोरी कमरेला असे. समोरच्या बाजूनं कुंचा मारणारा मेहुणा विचारी, "आज कुठं, भाऊजी?" आणि काकाजी कमरेची गाठ चाचपून सांगत, "आत्ताच बाजारात शिरलो. छत हाय वरतं. ऊन लागत नाई."

मेहुण्याच्या डोक्यावर रणरणतं ऊन असे.

आता माझ्याकडे येतो.

पुस्तकातलं इंग्रजी मला झेपत नव्हतं. खाणंपिणं, रस्ते, भाडी इथवर ठीक. पण घुमट, कमानी, कुठल्या सम्राटानं कुठला खांब कुठून आणला, हे सुरू झालं की मला दर ओळीला अडखळायला होई. गल्लीत मला इंग्रजीवाला बाबू म्हणत. लोकांचे अर्ज मी लिही, तारा मी वाची. त्या वयात माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. येत नाही, असं म्हणायची हिंमत झाली नाही. एका संध्याकाळी कंटाळलो होतो, पान अवघड होतं. मी पुस्तकावर बोट फिरवत म्हणालो, "इथं एक बाग आहे. आंधळ्या माळ्याची बाग. तो नुसत्या वासावरून झाडं लावत असे."

काकाजींनी धागा उचलला. "नकाशात कुठं हाय?"

मी एका हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं. त्यांनी मोजलं, माझ्याकडे पाहिलं आणि गाठ मारली.

खोटं इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. काही महिन्यांनी मी सात विहिरींचा चौक सांगितला. सातही विहिरींच्या पाण्याची चव वेगळी. आणि एकदा, का कोण जाणे, बहुधा त्या दिवशी ते मेहुण्याशी भांडून फार थकून बसले होते म्हणून, मी एक गल्ली सांगितली. विणकरांची गल्ली. दोन्ही बाजूंना माग. सकाळी रस्त्यात ताणा बांधतात, आणि ताणा बांधला असेल तर घोडागाड्या थांबतात. बड्या सरदाराचीही गाडी थांबते. पांजणी उरकेपर्यंत कोणी हूं का चूं करत नाही.

काकाजींनी हातातला धागा खाली ठेवला. आमच्या गल्लीत त्याच आठवड्यात एका सायकलवाल्यानं ताण्यात सायकल घातली होती आणि वर यांनाच शिव्या दिल्या होत्या.

"फिरून वाच," ते म्हणाले.

मी फिरून वाचलं. या खेपेला घोडागाड्यांत एक मोटारही घातली.

एकदा ते म्हणाले, "बाबू, आंधळ्या माळ्याची बाग मागं पुलाच्या अलीकडं होती गा. आज तू पलीकडं नेली."

"मोठी बाग आहे, काकाजी."

"हव," ते म्हणाले. "मोठी असन."

याच सुमारास त्यांनी मला गाठींविषयी सांगितलेलं आठवतं. मी मागाजवळ बसलो होतो. धागा तुटला की ते बोटांच्या टोकांनी क्षणात गाठ मारत, इतकी बारीक की कापडात दिसू नये. ती निरगाठ. ओढली तर धागा तुटेल, गाठ सुटणार नाही. पण एखाद्या जागी योग्य रंगाचा धागा संपलेला असला तर तात्पुरता दुसरा जोडत आणि तिथं सुरगाठ मारत. "हे आपलं नाई," ते म्हणाले. "खरा धागा आला का हे काढाचं. एका टोकाले ओढलं का सुटते. काढाचं हाय ते ठाऊक असलं पाहिजे, बस." मी हो म्हणालो. धंद्याची माहिती म्हणून ऐकलं.

हे सगळं गल्लीतच राहिलं असतं तर मला काही लिहायचं कारण नव्हतं. आम्ही सगळे धरून चाललो होतो की काकाजी कुठं जात नाहीत. पण ते सहा वर्षं दर हंगामाला एक चांगलं करवती काठाचं लुगडं विणून ट्रंकेत टाकत होते, आणि एका दिवाळीच्या आधी त्यांनी ती सगळी इतवारीत नेऊन विकली. त्यांनी मला मुंबईच्या जहाज एजंटाला पत्र लिहायला लावलं. उत्तर आलं. मुंबईहून बसऱ्यापर्यंत डेकवरून, तिथून बगदाद, आणि बगदादहून रेल्वे थेट त्या शहराच्या समोरच्या किनाऱ्यापर्यंत. मी ते पत्र वाचून दाखवलं तेव्हा त्यात एक शब्दही पदरचा नव्हता. काकूंनी जुन्या लुगड्याची पिशवी शिवायला घेतली. पासपोर्टाचा अर्ज मीच भरला. प्रवासाचं कारण, या रकान्यात काय लिहू असं विचारलं.

"पाहाले जाऊन राहिलो म्हणून लिही."

"काय पाहायला?"

"घ्या! आठ वर्षं वाचून राहिला अन् मलेच इचारते."

आठ नव्हे, तेव्हा सातच झाली होती. पण त्या दिवसापासून मला नीट जेवण जाईना. हा माणूस खरोखर जाणार होता. दोरी घेऊन जाणार होता. तिथं उभा राहून आंधळ्या माळ्याची बाग विचारणार होता. आणि मग परत येणार, सगळी गल्ली भोवती बसणार, आणि तो चार लोकांदेखत म्हणणार, बाबू, ते बाग तर कुठं दिसली नाई गा. मी हेच चित्र रोज पाहत होतो. तो माणूस एवढ्या लांब एकटा जाऊन काय पाहील, त्याला कसं वाटेल, हे माझ्या मनात एकदाही आलं नाही. हे आता लिहिताना लक्षात येतंय असं नाही. तेव्हाही लक्षात होतं.

पासपोर्टाच्या चौकशीला पोलीस जमादार आला तेव्हा दुपार होती. काकाजी सूत आणायला इतवारीत गेले होते, काकू आत होत्या. मी रजेवर. जमादार ओट्यावर बसला, टोपी काढून तिनंच वारा घेतला, पाणी प्याला आणि वही काढली.

"तुम्ही इथं राहता?"

"सात वर्षं."

"हा बुढा परदेशात काहून जाऊन राहिला? तिथं नातलग हाय?"

"नाही."

"धंदा?"

"नाही."

"मंग?"

"शहर पाहायचं आहे."

जमादार हसला. "नागपूर पाह्यलं का त्यानं पुरतं?" मग पेन्सिल कानामागून काढत म्हणाला, "माणूस कसा हाय?"

चांगला आहे, एवढंच म्हणायचं होतं. गल्लीतल्या कोणीही तेच म्हटलं असतं. मी म्हणालो, "सकाळी ताण्याला खळ लावतात तेव्हा ते त्या शहरातच असतात."

पेन्सिल थांबली. "म्हणजे?"

मी सांगितलं. दगडावरचा दाणा सांगितला. टोल सांगितला. कुत्र्यांना घातलेले वळसे, एका पायावर काढलेली चप्पल, भाजीवालीशी बोललेली तुर्की. कमरेची दोरी. उन्हात चालताना 'वर छत आहे' म्हणणं. जमादार लिहीत गेला. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. सात वर्षांत मी पहिल्यांदाच काकाजींविषयी इतकं सलग आणि इतकं खरं बोललो.

"डोक्यात फरक हाय म्हणू काय?" त्यानं विचारलं.

"मी डॉक्टर नाही," मी म्हणालो.

त्यानं वही मिटली. आतून काकूंनी विचारलं, "कोण वं... कोण हाय बाबू?" मी म्हणालो, "चौकशीवाले होते. गेले." हेही खरंच.

महिन्या-दीड महिन्यानं कागद आला. इंग्रजीत, दोन ओळींचा. अर्ज मान्य करता येत नाही. काकाजींनी तो माझ्याकडे दिला आणि रोजच्यासारखे समोर उकिडवे बसले. नकाशाही आणला होता, सवयीनं. मी वाचलं.

"काहून?" त्यांनी विचारलं.

"कारण लिहिलेलं नाही."

"उलटून पाह्य."

मी कागद उलटून दाखवला. मागची बाजू कोरी होती. काकाजींनी ती हातात घेऊन पाहिली, पुढची पाहिली, मग नकाशाची घडी घातली. घडी जुन्या मोडीवरच घातली. काकू दारात उभ्या होत्या, त्यांना ते म्हणाले, "सातू खाऊन टाका वं. कीड लागन." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तू काहून असा चेहरा केला गा? माझं जाणं राह्यलं. तुझं काय राह्यलं?"

दुसऱ्या दिवशी पांजणी होती. ते चालले. मेहुण्यानं काही विचारलं नाही. दगडावर दाणा ठेवला नाही. चिमण्या चार-पाच दिवस येऊन पाहून गेल्या.

पुढच्या वर्षी राज्यं बदलली, नागपूरची राजधानी गेली, आमचं दप्तर मुंबईला हललं. मी निघालो तेव्हा काकाजी मागावर होते. ते उठले नाहीत. चालू ओळ सोडून उठत नसत. धोटा फेकत म्हणाले, "येजो."

मी चार वर्षांनी गेलो. तोवर काकाजी वारले होते. मला कोणी कळवलं नव्हतं, कारण माझा पत्ता मी ठेवलाच नव्हता. एक माग बंद होता, त्याच्या पाय सोडायच्या खड्ड्यात लाकडं रचलेली. काकूंनी चहा केला आणि पेटीतून दोरी काढून माझ्यापुढे ठेवली.

"तुले दे म्हणत होते."

मी दोरी हातात घेतली. तांबड्या गाठी, निळ्या गाठी. बोटानं चाचपत गेलो. सगळ्या घट्ट, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. निळ्यांत एक गाठ मोठी आणि सैल लागली. एक टोक बाहेर ठेवलेलं. पुढं आणखी एक तशीच.

"ते दोन बाबूचे हायेत, असं म्हणत," काकू म्हणाल्या. "नकाशात बसत नाईत, दोरी पुरत नाई म्हणे. मी म्हटलं, मंग त्याले बोला ना. तर म्हणे, राहू दे वं. पोरगं एवढं वाचून थकते. अन् गाठ काढता येते."

मी विचारलं, "कधीपासून ठाऊक होतं?"

"कधीपासून म्हणजे? बाग सांगतली त्याच दिशी. मोजणारा माणूस तो."

म्हणजे ते परत आले असते तरी चार लोकांत काही बोलले नसते. मी ज्याला भ्यालो ते कधी घडणारच नव्हतं.

पिवळ्या गाठी राहिल्या होत्या. विणकरांची गल्ली तिसऱ्या दिवसात होती. मी ती गाठ शोधली. ती घट्ट होती. मी नखानं टोक शोधलं, सापडलं नाही. निरगाठ.

"हीसुद्धा माझीच आहे, काकू," मी म्हणालो. "ही गल्लीसुद्धा पुस्तकात नव्हती."

"ठाऊक होतं त्याईले," काकू म्हणाल्या. "मी इचारलं होतं, मंग हे काहून पक्की मारली? तर म्हणे, नकाशात नसली तरी गावात असन. कोष्टी नाई असं गाव असते काय कुठं? मी इचारत इचारत जाईन." त्यांनी कप उचलले. "तेच पाहाचं होतं त्याईले. बाकी मशिदी-फिशिदी तुह्यासाठी ऐकत. तो जमादार आला होता ना, त्याले कोणं काय सांगतलं कोण जाणे."

मी सांगणार होतो. कप खाली ठेवून त्या पुन्हा आल्या असत्या तर सांगितलंही असतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला म्हणत आलो. त्या आल्या होत्या. चिवड्याची बशी घेऊन आल्या होत्या. मी चिवडा खाल्ला आणि दोरी पिशवीत घालून निघालो.

आता माझं वय पन्नासच्या पुढं गेलं. काकू नाहीत. त्या दोन सुरगाठी मी काढल्या. एका टोकाला ओढल्यावर सुटल्या. मागच्या वर्षी मी पासपोर्टासाठी अर्ज केला. चौकशीला एक तरुण हवालदार घरी आला. खुर्चीवर बसला, पाणी प्याला, वही काढली.

"तिकडं कोणी नातेवाईक?"

"नाही."

"धंद्यानिमित्त?"

"नाही."

"मग?"

"एक गल्ली आहे का, ते पाहायचं आहे," मी म्हणालो. "नकाशात नाही. विचारत विचारत जाणार आहे."

त्यानं पेन्सिल थांबवून क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मी वाट पाहिली. मग त्यानं मान खाली घालून वहीत 'पर्यटन' असा शब्द लिहिला, माझी सही घेतली आणि जिना उतरून गेला. शेजारी त्यानं कोणाला काही विचारलं नाही.